नैराश्याची गोळी: पहिल्या दिवसापासून शेवटच्या गोळीपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

नैराश्यावरची गोळी गिळण्यात कुणी चुकत नाही. चुका होतात त्या तारखांमध्ये. दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून गोळी सुटते, तिसऱ्या महिन्यात 'आता बरं आहे' म्हणून सुटते, नाहीतर स्ट्रिप संपते आणि नवी आणायला चार दिवस लागतात. यातला शेवटचा पराक्रम मी स्वतः केला आहे. त्याची हकीकत योग्य ठिकाणी येईल.

कोणतं औषध आणि किती मात्रा हे डॉक्टर ठरवतात, ते या लेखात नाही. चिठ्ठी हातात पडण्याच्या थोडं आधीपासून शेवटची गोळी घेऊन होईपर्यंत तुमच्याकडे जे काम येतं, तेवढंच इथे आहे.

टप्पा १: चिठ्ठी लिहिली जाण्याआधी

डॉक्टरांसमोर बसल्यावर अर्ध्या गोष्टी विसरतात, आणि मन खचलेलं असताना तर जास्तच. म्हणून घरीच कागदावर यादी करा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.

१. सध्या घेत असलेली सगळी औषधं. 'सगळी' म्हणजे खरोखर सगळी. लोक रक्तदाबाची गोळी सांगतात, पण गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतलेली वेदनाशामक गोळी, खोकल्याचं पातळ औषध, मायग्रेनची गोळी, झोपेसाठी घेतलेलं वनौषधी चूर्ण या गोष्टी त्यांना औषधं वाटतच नाहीत. गडबड होते ती नेमकी यांच्यामुळे. त्याची कारणं टप्पा ६ मध्ये आहेत.

२. आयुष्यात कधी उलटा काळ आला होता का? दोन-तीन तास झोपूनही अंगात प्रचंड उत्साह, बोलण्याचा वेग वाढलेला, डोक्यात एकामागून एक योजना, हात सैल सोडून खर्च, आणि घरचे म्हणतायत 'हा तू नाहीस'. असे सलग काही दिवस गेले असतील, किंवा जवळच्या नात्यात कुणाला बायपोलर आजार असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. बायपोलर आजारातलं नैराश्य साध्या नैराश्यासारखंच दिसतं. पण त्यात नुसती नैराश्यविरोधी गोळी दिली तर काही जणांची गाडी थेट उन्मादाकडे वळते. लोक ही माहिती लपवत नाहीत. तो काळ त्यांना 'आजार' वाटलेलाच नसतो, उलट आयुष्यातला चांगला काळ म्हणून लक्षात असतो.

३. शरीराचे आजार: आकडी, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, काचबिंदू, लघवी अडणं, यकृत किंवा मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर किंवा रक्तस्राव, रक्तात सोडियम कमी होण्याचा इतिहास. आकडी येत असेल, किंवा उपाशी राहणं, खाऊन मुद्दाम ओकणं अशा स्वरूपाचा खाण्याचा विकार कधी झाला असेल, तर ब्युप्रोपिऑन हे औषध टाळतात, कारण त्याने आकडीचा धोका वाढतो. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या ट्रायसायक्लिक औषधांनी काचबिंदू, लघवीची अडचण आणि हृदयाचे ठोके या तिन्हींचा त्रास वाढू शकतो.

४. गरोदरपण, स्तनपान, किंवा मूल होऊ देण्याचा विचार.

५. दारू आणि इतर नशा, खऱ्या आकड्यांसह. इथे संकोच केला तर नुकसान तुमचंच.

६. आत्महत्येचे विचार किंवा पूर्वीचा प्रयत्न. हे सांगितल्याने औषधाची निवड बदलू शकते आणि एका वेळी किती गोळ्या घरी न्यायच्या हेही बदलू शकतं. ट्रायसायक्लिक गटातली औषधं जास्त प्रमाणात पोटात गेली तर हृदयावर घातक परिणाम करतात.

७. पूर्वी असं औषध घेतलं असेल तर त्याचं नाव, मात्रा, किती दिवस घेतलं, का सोडलं.

उठण्याआधी तपासा. या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय खुर्ची सोडू नका. औषधातल्या घटकाचं नाव काय? दिवसाच्या कोणत्या वेळी घ्यायचं? मात्रा कधी आणि कशी वाढवायची? पुढची भेट कधी? मधे त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? पुढची भेट पहिल्या दोन आठवड्यांच्या आसपास असावी. वय २५ पेक्षा कमी असेल किंवा जीव द्यावासा वाटण्याचे विचार येत असतील, तर आठवड्याभरातच.

टप्पा २: गोळी घरी आणल्यावर, पहिला डोस घेण्याआधी

आधी स्ट्रिपवरची दोन्ही नावं वाचा. एक नाव कंपनीने दिलेलं, दुसरं घटकाचं. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही नावं एसएसआरआय गटातली (मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवणारी). व्हेनलाफॅक्सिन, डेसव्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन एसएनआरआय गटातली (सेरोटोनिनबरोबर आणखी एक रसायन वाढवणारी). मिर्टाझापिन आणि ब्युप्रोपिऑन यांची जातकुळी वेगळी. घटकाचं नाव पाठ का करायचं? दुकानात कंपनी बदलून मिळते, दोन डॉक्टर दोन वेगळ्या कंपन्यांची नावं लिहितात, आणि माणूस एकच औषध दुप्पट घेत बसतो.

यानंतर माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं काम: चिठ्ठीतली कोणती गोळी नैराश्याची आणि कोणती तात्पुरत्या आरामाची, हे वेगळं ओळखा. सुरुवातीला झोप आणि घबराट यांसाठी क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम किंवा लोराझेपाम अशी एखादी गोळी बरेचदा सोबत देतात. तिचा गुण अर्ध्या-एक तासात दिसतो, नैराश्याच्या गोळीचा आठवड्यांनी. साहजिकच माणूस ठरवतो की 'ही छोटी गोळी लागू पडते, ती दुसरी निरुपयोगी', आणि मुख्य औषध सोडून सवय लावणारं औषध धरून बसतो. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत एकत्रही मिळतात. तशी गोळी असेल तर 'यातलं क्लोनाझेपाम कधी थांबवायचं?' हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

इशारा: क्लोनाझेपाम गटातली गोळी रोज काही आठवडे घेतली असेल तर ती एकदम बंद करू नका, आकडी येऊ शकते. तीही डॉक्टरांच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्याने उतरवायची असते.

चिठ्ठीत 'एक्सआर', 'ईआर' किंवा 'एसआर' अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू विरघळणारी आहे. ती चावायची किंवा कुटायची नाही. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणेही चावायचे नाहीत, कारण पोटातल्या आम्लापासून वाचवण्यासाठीच त्यांवर आवरण असतं.

पहिल्या डोसच्या आदल्या दिवशी एका वहीत 'आधीची स्थिती' लिहून ठेवा: झोप किती तास, भूक, वजन, डोकेदुखी आहे का, लैंगिक इच्छा कशी आहे. हा शेवटचा मुद्दा लिहायला लोक लाजतात. पण नैराश्यातही इच्छा कमी होते आणि औषधानेही होते. आधीची नोंद नसेल तर दोष कुणाचा हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. व्हेनलाफॅक्सिन सुरू होणार असेल तर रक्तदाबही मोजून ठेवा, कारण त्याने तो वाढू शकतो.

याच वहीत पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरा. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारणपणे १० ते १४ म्हणजे मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र, २० किंवा त्याहून जास्त तीव्र. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर एकूण बेरीज कितीही कमी असो, ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे.

घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला विश्वासात घ्या. पुढच्या टप्प्यांत पुन्हा पुन्हा त्याची गरज लागणार आहे. घरात लहान मूल असेल किंवा कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार असतील तर गोळ्या कुलपात, आणि शक्य असेल तर किल्ली त्या माणसाकडे. आपत्कालीन सेवेचा आणि आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचा क्रमांक आजच फोनमध्ये साठवा, गरजेच्या वेळी शोधायला मन जागेवर नसतं.

टप्पा ३: वेळ ठरवणं

हा टप्पा सोपा आहे. गोळीने झोप उडते असं वाटलं तर ती सकाळी घ्या, गुंगी येते असं वाटलं तर रात्री. डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर अर्थात तीच. फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन बहुतेकांना सकाळी सोसतात, मिर्टाझापिन रात्रीच देतात. मळमळ होत असेल तर जेवणाबरोबर घ्या. फोनमध्ये गजर लावा, किंवा दात घासण्यासारख्या रोज न चुकणाऱ्या कामाला गोळी बांधून टाका.

गोळी विसरली तर? आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊन हिशेब चुकता करायला जाऊ नका. ब्युप्रोपिऑनच्या बाबतीत हा नियम आणखी कडक आहे: चुकलेला डोस सोडूनच द्यायचा, कारण दोन डोस जवळजवळ पडले तर आकडीचा धोका वाढतो.

टप्पा ४: पहिले १४ दिवस

बहुतेकजण इथेच गळतात, कारण या दिवसांचा सौदा उफराटा आहे: त्रास आधी, गुण नंतर.

एसएसआरआय गटात मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, तोंड कोरडं पडणं, घाम, हलकी थरथर, झोपेत बदल हे नेहमीचे त्रास. बहुतेकांचे ते एक-दोन आठवड्यांत ओसरतात. सुरुवातीला घबराट थोडी वाढूही शकते. ज्यांना मुळातच पॅनिकचे झटके येतात त्यांना ती जास्त जाणवते, म्हणून डॉक्टर त्यांना कमी मात्रेने सुरुवात करून देतात. अर्ध्या गोळीने सुरुवात सांगितली असेल तर 'लवकर बरं व्हावं' म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण गोळी घेऊ नका. गुण त्याने लवकर येत नाही, मळमळ मात्र नक्की येते. गोळीची गुंगी आपल्याला किती येते हे कळेपर्यंत गाडी चालवू नका.

आता जे अंगावर काढायचं नाही ते.

पहिली गोष्ट, आतली अस्वस्थता. साधी काळजी वेगळी. इथे अंगातच काहीतरी सळसळतं, एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात, येरझाऱ्या थांबत नाहीत, चिडचिड अनावर होते. याला अकाथिसिया म्हणतात. 'होईल कमी' म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

दुसरी, मरणाचे विचार नव्याने येणं किंवा वाढणं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी नैराश्यावरच्या सर्व औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापणं बंधनकारक केलं आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला. त्याहून मोठ्या वयात औषधामुळे हा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. तरी सुरुवातीचे आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे दिवस सगळ्यांनीच जपायचे, कारण आजार अजून आहे तिथेच आहे.

तिसरी, अचानक चढलेला उत्साह. पाच दिवसांत नैराश्य पळालं, झोप लागत नाही तरी थकवा नाही, हजार कल्पना सुचतायत. घरच्यांना आनंद होतो, आणि घोटाळा तिथेच होतो. टप्पा १ मधला दुसरा मुद्दा आठवा आणि डॉक्टरांना लगेच कळवा.

या तिन्ही गोष्टी स्वतःच्या स्वतःला नीट दिसत नाहीत. विश्वासात घेतलेल्या माणसाची पहिली गरज इथे लागते. त्याला हे तीन परिच्छेद वाचायला द्या.

लगेच दवाखाना गाठा: अंगावर गांध्या उठून चेहरा किंवा जीभ सुजणं, श्वास लागणं, बेशुद्धी, आकडी, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, जीव देण्याची ठोस योजना मनात येणं.

१४ व्या दिवशी तपासा. किती डोस चुकले? कोणता त्रास कमी झाला, कोणता तसाच आहे? वहीत लिहा. 'मन बरं आहे का' हा प्रश्न आज विचारायचा नाही, त्याचं उत्तर अजून तयार झालेलं नाही.

टप्पा ५: तिसरा ते आठवा आठवडा

फरक दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतो आणि पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. तो एका दिवशी उजाडत नाही. बरेचदा झोप, भूक, अंगातली ताकद आधी सुधारते, मन मागून येतं. आंघोळीला उठायला लागणारा वेळ कमी झाला, फोन वाजला तर उचलावासा वाटला, अशा बारीक खुणा असतात. त्या आपल्याआधी दुसऱ्यांना दिसतात. त्या माणसाला आठवड्यातून एकदा विचारा, 'माझ्यात काही वेगळं दिसतंय?' आणि त्याचं उत्तर तसंच्या तसं वहीत उतरवा.

दर दोन आठवड्यांनी, त्याच वारी, पीएचक्यू-९ भरा. ५ गुणांची घट झाली तर ती दखल घेण्याजोगी. सुरुवातीचा आकडा निम्म्यावर आला तर औषध लागू पडतंय. ५ च्या खाली गेला तर आजार मागे हटला असं समजतात. रोज भरू नका. रोजच्या आकड्यांत हवामान दिसतं, ऋतू दिसत नाही.

चार आठवडे पुरेशी मात्रा न चुकता घेऊनही वहीत काहीच हललं नसेल तर आठव्या आठवड्यापर्यंत गप्प बसू नका, डॉक्टरांकडे परत जा. मात्रा वाढवणं, औषध बदलणं, मानसोपचाराची जोड देणं, असे रस्ते पुष्कळ आहेत. पहिलं औषध लागू न पडणं यात नवल काही नाही, दुसरं लागू पडतं असं अनेकांच्या बाबतीत होतं. 'माझ्यावर काहीच चालत नाही' हा निष्कर्ष मात्र आजारच काढून देतो.

औषध बदलताना जुन्याची उरलेली स्ट्रिप संपवून मग नवी सुरू करायची, असा काटकसरी विचार करू नका. काही औषधं एकमेकांत मिसळत बदलता येतात, काहींच्या मध्ये मोकळे दिवस ठेवावेच लागतात. एमएओआय या गटातल्या नैराश्याच्या जुन्या औषधांपासून एसएसआरआयवर येताना १४ दिवस मोकळे लागतात. उलट्या दिशेने फ्लुओक्सेटिन थांबवल्यावर ५ आठवडे, कारण ते शरीरातून फार सावकाश जातं.

टप्पा ६: दर वेळी नवं औषध हातात घेताना

हा टप्पा एकदा करून संपत नाही. सर्दी झाली, दात काढला, कंबर धरली, की दर वेळी करायचा. सांगायचं वाक्य एकच: 'मी अमुक नावाची नैराश्याची गोळी घेतो.' दंतवैद्याला सांगा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, औषधांच्या दुकानातही सांगा.

सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधं एकत्र आली तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे शरीरात सेरोटोनिन धोक्याच्या पातळीवर जातं. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी, अनेक खोकल्याच्या औषधांत असणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, लिनेझोलिड हे प्रतिजैविक, लिथियम, आणि 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट ही त्यातली नावं. एमएओआय गट तर अजिबात चालत नाही. मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्या बऱ्याच जणांना सोबत देतात, पण त्या डॉक्टरांच्या नजरेखाली. लक्षणं बहुधा नवं औषध घेतल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर २४ तासांच्या आत दिसतात: थरथर, स्नायूंना झटके, दरदरून घाम, जुलाब, छातीत धडधड, अस्वस्थता. ताप चढला, अंग ताठलं, बोलण्यात गोंधळ दिसू लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय.

रक्तस्रावाचा विचार फारसा कुणाच्या मनात येत नाही. एसएसआरआय आणि एसएनआरआय गटांमुळे रक्ताच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याची ताकद थोडी कमी होते. त्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन किंवा ॲस्पिरिनची भर पडली की पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर अधिकच. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरं. हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिलं असेल तर ते स्वतःहून थांबवू नका. दोन्ही औषधं चालू आहेत एवढं दोन्ही डॉक्टरांना माहीत असू द्या.

वय ६५ च्या पुढे असेल, किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर सोडियम घसरण्याकडे लक्ष ठेवा. डोकं जड, चालताना तोल जाणं, विसराळूपणा, गोंधळ. घरचे याला 'वय झालं' म्हणतात किंवा 'नैराश्यच वाढलं' म्हणतात. एका साध्या रक्ततपासणीत खरं काय ते कळतं. सिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांसाठी आणखी एक: हृदयाच्या ठोक्यांवरच्या परिणामामुळे त्याची कमाल मात्रा दिवसाला ४० मिलिग्रॅम आणि साठीनंतर २० मिलिग्रॅम ठरवलेली आहे.

स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन त्याचा परिणाम कमी करू शकतात. कर्करोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांकडे दोन्ही चिठ्ठ्या न्या.

दारूबद्दल थोडक्यात: गुंगी वाढते आणि दुसऱ्या दिवशीचं मन आणखी खाली जातं. 'आज पार्टी आहे म्हणून गोळी नको' हा तोडगा तर सर्वांत वाईट. त्यात दारूही येते आणि डोसही चुकतो.

टप्पा ७: बरं वाटू लागल्यावर

बरं वाटणं म्हणजे औषध काम करतंय. काम संपलं असा त्याचा अर्थ नाही. पूर्ण बरं वाटू लागल्या दिवसापासून किमान ६ महिने तीच मात्रा चालू ठेवण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे देतात. पहिली गोळी घेतल्यापासूनचे सहा महिने नव्हेत, ही मोजणीची चूक फार जण करतात. नैराश्य वारंवार उलटलं असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही सांगतात. वहीत 'बरं वाटू लागल्याची तारीख' ठळक लिहा, मोजणी तिथून.

माझी हकीकत इथली. पाचव्या महिन्यात स्ट्रिप संपली, मी प्रवासात होतो, आणि मनात म्हटलं चार दिवसांनी काय बिघडतं. औषध व्हेनलाफॅक्सिन. दुसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. तिसऱ्या दिवशी भोवळ, मळमळ, आणि कारण नसताना रडू. मला वाटलं आजार उलटला. तो उलटला नव्हता, गोळीअभावी शरीर बोंबलत होतं. डॉक्टरांना फोन करून गोळी पुन्हा सुरू केल्यावर दोन दिवसांत सगळं निवळलं. तेव्हापासून दहा गोळ्या वेगळ्या ठेवतो आणि त्यांना हात लावायची वेळ आली की त्याच दिवशी नवीन आणतो. फक्त, मनात जीव द्यायचे विचार असतील तर असा साठा स्वतःजवळ नको, तो त्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

या काळात दोन तक्रारी हळूहळू पुढे येतात. एक, लैंगिक इच्छा कमी होणं किंवा तृप्तीला उशीर लागणं. हा त्रास मळमळीसारखा आपोआप जाईलच असं नाही, आणि काही थोड्या लोकांत औषध थांबवल्यावरही तो टिकल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा लवकर बोला. मात्रा कमी करणं किंवा औषध बदलणं असे मार्ग आहेत. ब्युप्रोपिऑन आणि मिर्टाझापिन यांनी हा त्रास मुळात कमी जणांना होतो. गुपचूप शनिवार-रविवारच्या गोळ्या वगळणं हा मार्ग नव्हे. दुसरी तक्रार, मन बधिर वाटणं: दुःख नाही, पण आनंदही नाही. यालाही 'आता असंच राहणार' म्हणून सोडून देऊ नका, मात्रेत फरक करून ते बरेचदा सुधारतं.

इशारा: गरोदर असल्याचं कळल्या क्षणी घाबरून गोळी फेकू नका. नैराश्य उलटण्याचाही आई आणि बाळ दोघांना धोका असतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, तोवर औषध चालू ठेवायचं की नाही हे फोनवर विचारा. पॅरोक्सेटिन असेल तर फोन आजच करा. स्तनपानाच्या काळात सर्ट्रालिन हा बरेचदा पहिला पर्याय असतो.

टप्पा ८: बंद करणं

वेळ निवडा. नोकरी बदलतेय, परीक्षा आहे, घरात आजारपण आहे, अशा काळात मात्रा उतरवायला सुरुवात करू नका. डॉक्टरांबरोबर लेखी वेळापत्रक बनवा.

यातला गैरसमज समजून घेण्यासारखा आहे. मात्रा निम्मी केली म्हणून मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही. लहान मात्रासुद्धा बराच मोठा परिणाम करत असते. त्यामुळे सुरुवातीच्या पायऱ्या सोप्या जातात, माणूस हुरळतो, आणि शेवटच्या छोट्या मात्रेवरून शून्यावर उडी मारताना कोसळतो. म्हणून खालच्या मात्रांवर पायऱ्या लहान करायच्या आणि प्रत्येकीवर जास्त थांबायचं. काही औषधं द्रवरूपात मिळतात, बारीक पायऱ्यांसाठी ती सोयीची. एखाद्याचं हे काम काही आठवड्यांत होतं. वर्षानुवर्षं औषध घेतलेल्याला महिने लागू शकतात. त्यात कमीपणा नाही.

'एक दिवसाआड घेऊन सोडा' हा सल्ला सर्रास मिळतो. व्हेनलाफॅक्सिन किंवा पॅरोक्सेटिनसारखी औषधं शरीरातून लवकर जातात, त्यामुळे दिवसाआड घेणं म्हणजे दर दुसऱ्या दिवशी औषध तुटल्याचा धक्का. मात्रा कमी करा, पण ती रोज घ्या.

औषध उतरवताना झालेला त्रास आणि उलटलेला आजार कसे ओळखायचे? औषध तुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो (फ्लुओक्सेटिनमध्ये उशिरा, कधी काही आठवड्यांनी), त्यात भोवळ, डोक्यातले विजेचे झटके, मळमळ, विचित्र स्वप्नं अशी शरीराची लक्षणं असतात, आणि आधीची मात्रा परत घेतल्यावर तो लवकर शमतो. आजार उलटतो तो सहसा आठवड्यांनी-महिन्यांनी, हळूहळू, आणि जुन्याच चेहऱ्याने. फरक दर वेळी इतका स्वच्छ नसतो. म्हणून वही इथेही हवी: कोणत्या तारखेला कोणती पायरी आणि कोणत्या तारखेला कोणता त्रास. त्रास सोसवत नसेल तर मागच्या पायरीवर परत जा आणि डॉक्टरांना कळवा. तिथे स्थिर झाल्यावर पुढची पायरी आणखी लहान घ्या.

प्रत्येक पायरीआधी तपासा. मागच्या पायरीचा त्रास पूर्ण गेला का? पीएचक्यू-९ चा आकडा आहे तिथेच आहे का? झोप ठीक आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तरच खाली उतरा.

शेवटची गोळी घेतल्यानंतरही सहा महिने, महिन्यातून एकदा प्रश्नावली भरत राहा. विश्वासातल्या माणसाची गरज इथे पुन्हा लागते. तुमचं नैराश्य कसं सुरू होतं, ते पहाटे तीनला जाग येण्याने की फोन न उचलण्याने, हे त्याला सांगून ठेवा, म्हणजे तो आधी ओळखेल. उरलेल्या गोळ्या 'असू देत, लागतील' म्हणून कपाटात ठेवू नका आणि तशीच लक्षणं दिसणाऱ्या मित्राला तर मुळीच देऊ नका. त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते औषधांच्या दुकानात विचारा आणि लावून टाका.